तुझा पुकारा

तू म्हणली होतीस, मी नसताना जाऊन बघा. मंगळवारी जाऊन आलो.

काय बघितलं ते शेवटी सांगतो. तुझी सवय मला ठाऊक आहे. अर्धी गोष्ट ऐकायची आन् मधीच म्हणायचं, "कळलं, कळलं, पुढं काय झालं तेवढं बोला." आता तुला मधी तोडायची सोय नाही, तवा माझ्या पद्धतीनं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की अक्षरं नांगरटीतल्या ढेकळासारखी पडतात, एक इकडं, एक तिकडं. तरी लिहितोय. कारण तुझ्या तेराव्याला जी माणसं उभी राहून बोलली त्यातल्या एकालाही तू काय काम केलंस ते सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, शांत स्वभावाच्या होत्या. दुसरा म्हणाला, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. तू. मी मागच्या सतरंजीवर बसून मान खाली घातली, खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. शेजारच्यानं पाणी आणून दिलं.

तू शिपाई होतीस. तालुक्याच्या कचेरीत साहेबाच्या दारात उभं राहायचं, फायली न्यायच्या-आणायच्या, पाणी द्यायचं, झाडायचं. शिरूरला होतीस आन् दौंडलाही होतीस. ह्यातली कुठली गोष्ट कुठल्या कचेरीतली ते मी लिहीत नाही. ती माणसं अजून हिंडती-फिरती आहेत, आन् त्यातल्या काहींनी तुझ्या मयतीला हार आणला होता.

लग्नाआधीच तू नोकरीला लागलेली. तुझे वडील त्याच कामावर होते, ते नोकरीत असतानाच गेले, भाऊ नाही, म्हणून ती जागा अनुकंपावर तुला मिळाली. आमच्या वस्तीवर बाया आईला म्हणायच्या, सरकारी सून आणलीस, आता भाकरी कोण थापणार. तू थापून जायचीस. आईच्या ताटात भाकरी वाढून, माझी फडक्यात बांधून, पहिली एस.टी. धरायचीस. मी तुला चिडवायचो, "सगळ्या कचेरीत खुर्ची न्हाई अशी तू एकटीच." तू म्हणायचीस, "खुर्ची न्हाई म्हणूनच मला बाहेरचं दिसतं. आतल्यांना टेबलापुढचं दिसतं, त्येबी चष्मा लावल्यावर."

बाहेरचं म्हणजे आधी ते बाकडं.

कचेरीपुढं लोखंडी बाकडं होतं, भर उन्हात. दुपारचं त्याच्यावर कुणी बसलं की चटका बसून उठायचं. लिंबाचं झाड पलीकडं, सावली पलीकडं, बाकडं इकडं. तू अर्ज केलास की बाकडं सावलीत हलवावं. अर्जाला उत्तर नाही. सरकारी वस्तू, नंबर टाकलेली, तिला हात लावायचा तर हुकूम पाहिजे. मग तू हुकूम नसलेलं काम हुकमातल्या कामात बसवलंस. झाडायचा हुकूम होताच. रोज सकाळी झाडताना बाकड्याचं एक टोक उचलायचीस, खालचा कचरा काढायचीस आन् ठेवताना वीतभर लिंबाकडं ठेवायचीस. आज हे टोक, उद्या ते टोक. असं ते बाकडं माणसासारखं एक-एक पाय टाकत निघालं.

रात्री जेवताना मी विचारायचो, "कुठवर आलं?"

"सायकली लावत्यात तिथवर."

"आन् कुणी बघितलं म्हंजी?"

"बघणाऱ्याला काल कुठं हुतं ते ध्यानात पाहिजे की. तिथं कुणाला आपला टेबल कुठं ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

उन्हाळा तोंडावर आला तवा बाकडं लिंबाखाली पोचलं. एका साहेबाला शेवटी शंका आली. दारात उभं राहून म्हणाले, "मावशी, हे बाकडं आधीपासून इथंच आहे का?"

तू म्हणलीस, "व्हय साहेब. तुमच्या आधीपासून."

ते साहेब बदलून येऊन आठवडा झाला होता. म्हणजे तू खोटं बोलली नाहीस. हे तू मला त्या दिवशी घरी येऊन पुन्हा पुन्हा पटवून दिलंस.

मग पाटी. साहेबाच्या दारावर कायम एक पाटी लटकायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीटिंग असो, नसो. माणसं लांबच्या वस्त्यांवरनं, नदीकाठच्या गावांकडून सकाळची निघालेली, पाटीकडं बघत उपाशी बसायची. उठून खायला गेलं आन् तेवढ्यात साहेब आले तर? तू एक दिवस पाटी उलटी केलीस आन् मागं खडूनं लिहिलंस, साहेब जेवायला गेलेत, तुम्हीबी जेवून घ्या, तीनला भेटतील. माणसं गेली, वडापाव खाऊन आली, आन् तीनला दारात रांग लागली. साहेब रमतगमत चारला आले. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पाटी तर तीन म्हणती, बाबा."

तुला आत बोलावलं.

"ही पाटी कुणी लिहिली?"

"मी, साहेब."

"तीन कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. पण मागच्या पाटीला माणसं उपाशी बसायची आन् तुमच्या नावानं बोटं मोडायची. आता जेवून येत्यात. बोटं मोडणं कमी झालंय, तुम्हीच बाहीर येऊन ऐका."

दुसऱ्या दिवशी साहेब तीनला काही मिनिटं असतानाच दात कोरत आले. पाटी राहिली. पुढच्या साहेबाला वाटलं वरनं आलेली आहे.

पण तुझं खरं काम म्हणजे पुकारा.

ज्याला कचेरीची पायरी ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. तारखेच्या दिवशी शिपायानं दारात उभं राहून कागदावरची नावं मोठ्यानं पुकारायची. तीनदा. तिसऱ्या हाकेला माणूस आत आला नाही तर त्याच्या नावापुढं गैरहजर लागतं, आन् एवढ्या लांबून आलेला माणूस दारात उभा असून केस घालवून बसतो. तुझ्या आधी जो पुकारायचा तो चुकलेलं जनावर हाकल्यासारखा पुकारायचा. नाव, बापाचं नाव, आडनाव, हाजिर हाय का, एका दमात. अर्ध्या म्हाताऱ्यांना ऐकू यायचं नाही, आन् ज्यांना यायचं त्यांना आपलंच नाव आहे हे कळायचं नाही. जन्मभर त्यांना त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती. घरी आबा, भावकीत आप्पा, शेजारी मामा.

तू तेवढंच केलंस. सकाळी झाडताना बाकड्यावरच्यांची विचारपूस करून घ्यायचीस, कोण कुठला, कशापायी आला. मग पुकारायचीस, "मारुतीआबा, आत या. काठी घ्या बरूबर." "रखमामावशी, तुमची तारीख लागली, या." पहिल्याच हाकेला माणूस उठायचं. वकील लोक हसले. म्हणाले, ही कचेरी आहे का सोयरीक. तू म्हणलीस, "सोयरीक असती तर च्या दिला असता."

तुझ्या ह्या नादात त्या मारुतीआबाची गंमत झाली. कारकून नवीन होता. आत बसून, बाहेरचा पुकारा ऐकून कोण हजर ते लिहायचा. त्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं, मारुतीआबा हजर. आन् तेच पुढं निकालाच्या कागदावर टाइप झालं. चूक ध्यानात आल्यावर कारकून घाबरला. आबाला निरोप धाडून बोलावून घेतलं, म्हणाला, नाव दुरुस्त करून देतो. आबानं कागद धोतराच्या सोग्यात खोचला आन् म्हणाला, "ऱ्हाऊ दी. सरकारनं पहिल्यांदाच मला आबा म्हणलंय. आता दुरुस्त कशाला करतू?" ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की त्या आबाचा आवाजही मला पाठ झाला. मी त्याला कधी बघितलासुद्धा नाही.

मयताची गोष्ट मात्र तू एकदाच सांगितलीस.

घरातलं माणूस गेलं की जमिनीला वारस लावायचे असतात. कुणी हरकत घेतली की तारीख पडते. कागदावर मेलेल्याच्या नावाआधी लिहितात, मयत. एका दिवशी तू रजेवर होतीस. दुसऱ्यानं पुकारा केला, मयत अमुक अमुक, हाजिर हाय का. बाकड्यावरची पोरंटोरं हसली. दुसऱ्या दिवशी तुला चहावाल्यानं सांगितलं की त्याची बायको तिथंच होती, कपाळ मोकळं, नवीनच. नवऱ्याच्या नावाची हाक ऐकून ती उठली आन् दाराकडं नाही, गेटाकडं बघायला लागली. जणू येतोयच.

त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. म्हणलीस, "मेलेल्या माणसाला हाजिर हाय का विचारत्यात. आपण माणसं हाय का कोण हाय?" आन् त्यानंतर तुझ्या पुकाऱ्यात मयत हा शब्द आला नाही. कागदावर काही असो, तू म्हणायचीस, "विठ्ठलअण्णांची माणसं आलीत का?" बस. तेवढंच. ज्याला आलोय म्हणायचं तो म्हणायचा.

एवढ्या तालुक्याला तू नावानं हाका मारल्यास, पण मला कधी मारली नाहीस. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुझ्या आईनं तुझ्या डोक्यात भरवलेलं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. साहेबाला तोंडावर बोलणारी तू, ह्या एका गोष्टीला घाबरायचीस. मी म्हणायचो, "त्या गावभरच्या म्हाताऱ्यांची नावं घेतीस, त्यांची आयुष्यं तुटत न्हाईत का?" तू म्हणायचीस, "ती त्यांच्या बायकांनी घेतली तर तुटत्यात."

मग आपल्या रस्त्याची केस आली. शेजारच्या गणपतआप्पानं आपली शेतातली वाट नांगरून काढली आन् काट्या लावल्या. शेवंती तोडून पाट्या डोक्यावरनं बांधाबांधानं आणायला लागायच्या. मी अर्ज केला, तारीख पडली, आन् त्या दिवशी तुझ्या जागी पुकारायला दुसरा शिपाईही नाही, रजेवर. पुकारा तुझ्याकडंच. तू साहेबाला सांगून बघितलंस, की माझ्याच घरचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगा. साहेब म्हणाले, नाव तर वाचायचंय, त्यात काय.

आधी तू त्याला बोलावलंस. "गणपतआप्पा, या आत." त्यानं माझी वाट बंद केली, आन् तू त्याला आप्पा. माझ्या अंगाचा भडका झाला. मग माझी पाळी. तू कागद वर धरलास, तोंड उघडलंस आन् मिटलंस. मी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर खांबाला टेकून उभा. सरळ आत गेलो असतो तर भागलं असतं. पण मीही ठरवलं होतं, आज नाव घेतल्याबिगर हलायचं नाही.

पहिल्या हाकेला तू काही बोललीच नाहीस. नुसती माझ्याकडं बघत राहिलीस. आतनं समोरच्याचा वकील म्हणाला, "अर्जदार गैरहजर दिसतात, साहेब."

दुसऱ्या हाकेला तू व्हरांड्याकडं तोंड करून म्हणलीस, "अहो, ऐकलं का?"

बाकड्यावरचे झाडून सगळे नवरे उठून उभे राहिले.

हशा झाला. तुझे कान लाल. साहेबानं आतनं विचारलं, काय चाललंय. वकील म्हणाला, "साहेब, आता एकच हाक राहिली." तवा माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. वाट जाईल, शेवंती सडेल, आन् ही काही नाव घेणार नाही. मी पाय उचलणार तेवढ्यात तू पदर खोचलास आन् खड्या आवाजात म्हणलीस,

"साहेबांच्या टेबलावर फायलींची रास,
बबनरावांचं नाव घेते रस्त्याच्या तारखेला खास."

मग वकीलच आधी हसला. मी आत गेलो. कारकून साहेबाला विचारत होता, "उखाणा लिहायचा का, साहेब?" साहेब म्हणाले, "अर्जदार हजर, एवढंच लिहा." पण त्यांनीही हसू आवरायला रुमाल तोंडाला लावला होता.

घरी आल्यावर मी म्हणलं, "घेतलंस की शेवटी नाव."

"उखाण्यातलं धरत न्हाईत," तू म्हणलीस आन् भाकरीचं पीठ मळायला घेतलंस.

वाट मिळाली. आजही आपली शेवंती त्याच वाटेनं जाते. आन् तुझी तिरडीही त्याच वाटेनं गेली. पुढच्या खांद्याला गणपतआप्पा होता. मी मागून बघत होतो, आन् मनात म्हणत होतो, त्या दिवशी तू त्याला आप्पा म्हणलीस म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तो मात्र ते आप्पा म्हणणं विसरला नव्हता.

ह्या उखाण्याच्या गोष्टीनं तुझं नाव झालं आन् त्यानंच घात केला. पुढं जे साहेब आले त्यांच्या कानावर ती गेली, आन् त्यांना हसू आलं नाही. त्यांनी तुला कागद दिला. पक्षकारांना आबा, मावशी असे संबोधून कार्यालयाची शिस्त बिघडवली, खुलासा करावा. तू माझ्यापुढं बसून खुलासा लिहिलास. मला त्यातलं एक वाक्य आठवतं. नुसत्या नावाने पुकारले तर तीन हाका माराव्या लागतात, आबा म्हटले की एकीत येतात, सरकारचा वेळ वाचतो. साहेबानं वाचलं, म्हणाले, "ही कचेरी आहे, हळदीकुंकू नाही." तू म्हणलीस, "साहेब, हळदीकुंकवाला बी बसायला बोलवावं लागतं. हितं तर बोलावून उभंच ठेवत्यात."

बदली. ह्या तालुक्यातनं त्या तालुक्यात. वस्तीवरनं दोन एस.टी. बदलायच्या. पाय सुजायचे तुझे. मी म्हणलं, "सोड नोकरी, शेवंतीत काय कमी पडतंय?" तू म्हणलीस, "तिकडंबी म्हातारी माणसं असत्यात."

त्या वक्ताला मी जे बोललो त्यावरनं आपलं दुसरं भांडण लागलं, ते शेवटपर्यंत चाललं. मी म्हणलं, शिपाई म्हणजे काय. तू गेलीस तिथनं, आता बाकडं उन्हात जाईल, पाटी सरळ होईल आन् पुकारा पहिल्यासारखा होईल. पाण्यात काठी मारली तर पाणी किती वेळ दुभंगून राहतं? तू म्हणलीस, "बघा." मी म्हणलं, "चल, जाऊन बघू." तू म्हणलीस, "मी आले तर माझ्या तोंडाकडं बघून करत्याल. मी नसताना जाऊन बघा."

मी गेलो नाही. रिटायर झालीस तवाही गेलो नाही. तू दर दिवाळीला विचारायचीस, "गेलता का बघायला?" मी म्हणायचो, सवड नाही. सवड होती. बाकडं उन्हात दिसलं असतं तर घरी येऊन तुला काय सांगायचं, ह्यापायी जात नव्हतो. वर तोंडानं म्हणत होतो, मीच जिंकलोय.

नसताना म्हणजे असं, हे तू म्हणली नव्हतीस.

तुला जाऊन पावसाळा गेला, आता थंडी पडायला लागलीय. तुझ्या वडलांची दीड एकर तुझ्या नावावर होती, तिला वारस लावायचे होते. तुझ्या चुलतभावानं, दामूनं, हरकत घेतली. म्हणे काकांनी जमीन मला देतो म्हणून तोंडी सांगितलं होतं. तू असतीस तर त्याला एका वाक्यात बसवला असतास. तेराव्यालाही आला नाही तो. आन् तारीख पडली ती त्याच कचेरीत, जिथनं तुला काढली.

मंगळवारी पहिल्या एस.टी.नं गेलो. डेपोपासून चालत. गेटातनं आत पाऊल टाकताना छाती धडधडत होती, ती जमिनीपायी नव्हती. दीड एकर गेली तर गेली.

आधी तुला वाईट ते सांगतो. पाटी गेली. त्या दारावर आता टीव्हीसारखा डबा लावलाय, त्याच्यावर नंबर यायला पाहिजेत. तो बंद होता. जेवायचं कुणी कुणाला सांगत नव्हतं.

पण बाकडं लिंबाखाली आहे. नुसतं आहे नाही, त्याचे पाय सिमेंटमध्ये गाडलेत, कुणी हलवू नये म्हणून. नवीन रंग, नवीन नंबर. मी त्याच्यावर बसलो. गार होतं. शेजारी कान टोपीत घातलेला एक म्हातारा बसला होता, त्याला म्हणलं, "हे बाकडं आमच्या मंडळींनी इथवर चालत आणलंय." तो जरा सरकून बसला.

दामू चहाच्या टपरीजवळ वकिलाबरोबर उभा होता. माझ्याकडं पाठ करून.

दारात एक शिपाई पोरगा आला, नवाच, हातात कागद. मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. त्यानं कागद बघितला, मग बाकड्याकडं बघितलं, आन् म्हणाला, "सोनाईमावशी, या आत. सावकाश, पायरी आहे."

ती म्हातारी आत गेली तवा मी उठून त्याच्याजवळ गेलो. विचारलं, "बाळा, कुठला तू?"

"परभणीकडचा, आबा. वर्ष झालं इथं."

"आन् हे असं पुकारायला कुणी शिकवलं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "कुणी कशाला शिकवायचं? इथं असंच पुकारतात. इथली पद्धत आहे ती."

त्याला तू ठाऊक नाहीस. तुझं नाव ठाऊक नाही, तोंड ठाऊक नाही. तू होतीस हेच ठाऊक नाही. आन् तुझंच बोलणं त्याच्या तोंडात. कचेरीत किती साहेबांच्या नावाच्या पाट्या भिंतीला लावल्यात, लाकडी, सोनेरी अक्षरात. त्यातल्या एकाचीही पद्धत झाली नाही. मला वाटलं तिथंच ओरडून सांगावं सगळ्यांना. पण कचेरी होती. मी परत बाकड्यावर जाऊन बसलो.

मग आपली पाळी आली. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. मी बघितलं, तो क्षणभर थांबला. त्याच्या कागदावर तो शब्द असणार, मला ठाऊक होतं. मी डोळे मिटून घेतले.

"शालनबाईंची माणसं आलीत का?"

तुझं नाव इतक्या मोठ्यानं मी कधी ऐकलं नव्हतं. मीही कधी घेतलं नाही. आयुष्य तुटतं म्हणून नाही, आमच्यात घेत नाहीत म्हणून. अगं म्हणलं की तू यायचीस, काम भागायचं. त्या नावानं कुणी हाक मारतंय आन् उत्तर मी द्यायचंय, हे कळत होतं, तरी मी डोळे मिटूनच बसलो.

पोरग्यानं दुसरी हाक मारली. "शालनबाईंची माणसं?"

"आलोय."

मी बोललो नव्हतो. मी डोळे उघडले. दामू टपरीवरनं येत होता, हातात चहाचा ग्लास तसाच. त्याचा वकील मागनं त्याची बाही ओढत होता. म्हणत होता, "अहो, तुम्ही नाही, तुम्ही हरकतदार." दामू माझ्यापुढं येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. ग्लास बाकड्यावर ठेवला आन् माझ्या काखेत हात घातला.

"दाजी, उठा. आपल्याला बोलावत्यात."

आत गेलो. साहेब म्हातारा नव्हता, कामाचा वाटला. त्यानं कागदावरनं मान वर न करता विचारलं, अर्जदार कोण आन् हरकतदार कोण. दामू जमिनीकडं बघत उभा. मी दामूकडं बघितलं. मग मीच म्हणालो, "साहेब, आम्ही दोघंबी शालनची माणसं."

साहेबानं मान वर केली. दामूनं नाक ओढलं आन् म्हणाला, "हरकतीचं आम्ही घरी बसून बघतो साहेब. पुढची तारीख द्या, न्हाईतर नका बी देऊ."

बाहेर आलो. दामूचा चहा गार झाला होता. त्यानं दोन नवीन सांगितले, आन् आम्ही त्या बाकड्यावर बसून प्यालो, सावलीत.

मी हरलो. तुला हेच ऐकायचं होतं ना दर दिवाळीला. घे, ऐक.

शालन, पाटी तेवढी गेली. बाकी सगळं आहे.